थंडीत डिझेलमध्ये रॉकेल: गरज की खोड?

कृष्णाकाठ
ऊसवाहतूक चालू झाली की ट्रॅक्टरच्या टाकीत दोन-चार लिटर रॉकेल ओतायची टूम निघते. का, तर "डिझेल गोठतंय"! साताऱ्यात पहाटे पारा १०-१२ च्या आसपास. आयएस १४६० या डिझेलच्या भारतीय मानकानुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलची सीएफपीपी, म्हणजे गारठ्यानं डिझेलमधलंच मेण साकळून (मेण धरून) फिल्टर तुंबायचं तापमान, जास्तीत जास्त ६ अंश. मग गोठतं कुठं? गाडी उठत नाही ती डिझेलमधल्या पाण्यानं, नळीत शिरलेल्या हवेनं नाहीतर बॅटरीनं.

घाटवाट
अर्धीच गोष्ट सांगताय. बाकीच्या महिन्यांत हीच मर्यादा १८ आहे. सप्टेंबरात भरलेलं बॅरल डिसेंबरात महाबळेश्वर-पाचगणीला वापरलं तर? वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तिथं मेण धरणारच. जुन्या इनलाइन (एका ओळीत दट्टे असलेल्या) डिझेल पंपाच्या कॅमला, म्हणजे दट्टे ढकलणाऱ्या दांड्याला, वेगळं ऑइल असतं, दहा टक्के रॉकेल त्याला पचतं.

कृष्णाकाठ
बॅरलचा मुद्दा मान्य. पण ते ऑक्टोबरातच संपवा की! आणि कॅमला ऑइल असलं तरी प्लंजर, म्हणजे ते दट्टे, डिझेलवरच घासतात. रोटरी, म्हणजे फिरत्या डोक्याच्या, पंपाला तर दुसरं वंगणच नाही. कॉमन रेलमध्ये, म्हणजे नव्या गाड्यांतल्या सगळ्या नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, दाब १६०० बारच्या पुढं, तिथं पंप घासला की त्याचा चुरा डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत जातो. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतल्या) गाडीला १० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग, सल्फरचं डिझेल लागतं, रॉकेलात त्याच्या कितीतरी पट.

नोझलवाला
भांडण रॉकेलचं, दुखणं पाण्याचं. संध्याकाळी टाकी भरून ठेवा, नाहीतर रिकाम्या जागेतली हवा रात्री गार होऊन पाणी सुटतं. सकाळी सेल्फ मारायच्या आधी वॉटर सेपरेटरखाली (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याखाली) काचेची बाटली धरून तळाचा स्क्रू सैल करा. पाणी खाली बसतं, डिझेल वर राहतं, लगेच दिसतं. स्वच्छ डिझेल आलं की आवळा. मग जुन्या पंपाच्या गाडीला फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) सोडून हँड प्रायमर, म्हणजे हातपंप, मारा, बुडबुडे थांबले की बंद. कॉमन रेलची हाय प्रेशर लाईन मात्र चालू इंजिनवर चुकूनही सोडू नका, ती धार कातडीत घुसते.

घाटवाट
भरली टाकी कारखान्याच्या यार्डात उभी करायची? सकाळी निम्मी मिळाली तर नशीब!

नोझलवाला
कुलपाचं झाकण बसवा. नाहीतर पाणी रोज काढा. आळस आणि चोर दोन्ही सांभाळायचे तर काम वाढणारच.

माणदेशी
तासगावची द्राक्षं जानेवारीत दिल्लीला नेणाऱ्यांचं वेगळं. तिकडं रात्री ४-५ अंश असतं. इथूनच टाकी काठोकाठ भरून नेऊ नका, वाटेत तिकडचं डिझेल घ्या. अँटी-जेल (मेण साकळू न देणारं औषध) टाकायचं तर मेण धरायच्या आधी, नंतर उपयोग शून्य.

घाटवाट
आणि धरलंच तर?

माणदेशी
फिल्टरभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा, थोडं थांबा, मग प्रायमर. टाकीखाली बोळा पेटवणाऱ्यांना तिथल्या तिथं अडवा. आणि इंजिन तापवणारा हीटर प्लग चालू असताना गाडी उठवायला ईथरचा स्प्रे मारला तर इनटेकमध्येच, म्हणजे हवा आत घ्यायच्या नळीतच, भडका उडतो.

घाटवाट
बरं. नव्या गाडीचं पटलं. जुन्या इनलाइनला पाच टक्के तरी, फक्त महाबळेश्वरच्या मुक्कामापुरतं, इथवर मी उतरतो. त्याखाली नाही.