गॅस दाबला की एंट्रॉपी घटलीच असं काही नाही
कुणीतरी म्हटलंय की गॅस दाबला की जागा कमी, म्हणजे एंट्रॉपी (रेणू आणि त्यांची ऊर्जा किती विखुरलीय त्याचं माप) कमी होणारच. अहो पण उष्णता बाहेर जातेय का ते आधी बघा ना. तापमान तेच ठेवून १ मोल आदर्श वायू निम्म्या आकारमानात आणला तर त्याची एंट्रॉपी ५.७६ ज्यूल प्रति केल्विन घटते, पण बाहेर निदान तेवढी वाढतेच, त्यामुळे उष्मागतिकीचा दुसरा नियम (एकूण एंट्रॉपी कधी घटत नाही) काही मोडत नाही. आता उष्णता आत-बाहेर जाणार नाही असा सिलिंडर इन्सुलेट करून सावकाश तेवढंच दाबा, हवा २७ अंशांवरून साधारण १२३ वर जाते, आणि जागा घटल्याने जे गेलं ते तापल्यामुळे बरोब्बर भरून निघतं, बदल शून्य. धाडकन दाबलंत तर उलट वाढते! परीक्षेत पोरं नेमकी इथेच डोळे झाकून पहिलं, म्हणजे तापमान तेच असतानाचं सूत्र लावतात.