पुन्हा पाहिलेला प्रेमाचा सिनेमा : तुमचा डोळा कुठं थांबतो?

मागच्या रविवारी आमच्या वाचनालयात 'सगळ्यात भारी प्रेमाचा सिनेमा कोणता' यावरून जुंपली. ज्यानं त्यानं आपलं नाव रेटलं, चहा संपला, उठलो. म्हणून इथं वेगळं विचारतो. भारी कोणता ते राहू द्या. वर्षं उलटल्यावर जो पुन्हा पाहावा वाटला तो सांगा, आणि त्यातली नेमकी जागा सांगा. तंबूतला, गणपतीतल्या पडद्यावरचा, भाड्याच्या व्हीसीआरवरचा, कसाही चालेल.
– धागाकर्ता, दारव्हा

शेतकरी, आर्णी तालुका
'तीसरी कसम'. गाडीवान हिरामण (राज कपूर) आणि त्याच्या बैलबंडीत बसलेली नौटंकीवाली हिराबाई (वहिदा), यांचा सिनेमा. माझा बापही धुरकरी, म्हणजे बैलबंडी हाकणारा. कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस, म्हणजे १९७२ च्या नंतरचे, कापूस सरकारलेच विकावा लागे तेव्हाचे. संकलन केंद्रासमोर बंड्यांची रांग लागे, दोन-दोन रात्री तिथंच. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर येईपर्यंत बैल सोडायचे आणि बंडीखाली झोपायचं. जवळच्या यात्रेत तंबूतला सिनेमा आला होता. बापानं बंडी शेजारच्याच्या हवाली केली आणि मले खांद्यावर घेऊन निघाला. राज कपूर बैलाशी बोलाले लागला तसा बाप म्हणे, "हा खरा हाकून राहिला." वहिदाकडं त्यानं पाहिलं की नाही, देव जाणे.

आता बाप ऐंशीच्या वर आहे. मागच्या पावसाळ्यात त्याले मोबाईलवर लावून दिला. मधातच म्हणे, "थांबव." मग सांगितलं. धुरेवर, म्हणजे बंडीच्या पुढं हाकायला बसलेल्याची पाठ सवारीकडं असते. मागं कोण बसलं, ते आवाजावरून ओळखायचं. या माणसाचं अर्धं प्रेम पाठीनंच झालं, समोरासमोर बसला असता तर त्याच्या तोंडातून शब्द निघाला नसता. मी हा सिनेमा पाच वेळा पाहिला असेल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

धागाकर्ता
वा! थोडी भर घालतो. हिंदी लेखक फणीश्वरनाथ रेणूंच्या 'मारे गए गुलफाम' या कथेवरचा हा १९६६ चा सिनेमा गीतकार शैलेंद्र यांनी काढला. शेवट गोड करा म्हणून आग्रह झाला, पण त्यांनी केला नाही. सिनेमा चालला नाही, त्याच डिसेंबरात शैलेंद्र गेले. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्यानंतरचं. गोड शेवट असता तर तुमच्या बाबांनी पावसाळ्यात तो पुन्हा पाहिला असता का, मला शंका आहे.

निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, मोर्शी
बिमल रॉय यांचा 'सुजाता', १९५९ चा. सुनील दत्त फोनवर गातो, आवाज तलत महमूद यांचा. नूतन रिसीव्हर कानाला लावून उभी. पूर्ण गाण्यात ती एक शब्द बोलत नाही.

लोक म्हणतात, फोनवर कोणी अख्खं गाणं म्हणतं का? मी टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर बसलो आहे, मला विचारा. ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, तीन मिनिटांच्या हिशेबानं लागायचा. ऐकायचं नसे, पण लाईन चालू आहे का हे पाहताना कानावर पडायचंच. मुंबईला गिरणीत असलेला नवरा, इकडे बायको. पाऊस, सासूचं दुखणं, मनीऑर्डर, एवढं दोन मिनिटांत आटपे. उरलेला वेळ दोघंही गप्प. पैसे त्या गप्प राहण्याचेही लागत होते! मी लाईन जोडणारी कॉर्ड काढायला दोन-चार सेकंद उशीर करायचो, नियमात नव्हतं. नूतन त्या गाण्यात जशी उभी आहे, तशा बाया मी पोस्टाच्या व्हरांड्यात पाहिल्या आहेत. शिवाय सिनेमातल्या त्या मुलीची जात आडवी येत असते, ती बोलणार तरी काय?

किराणा दुकानदार, पुसद
सगळे रडके सिनेमेच सांगून राहिले बाप्पा! आम्ही १९९५ सालचा 'दिलवाले दुल्हनिया'वाले. त्यातली सरसो, म्हणजे मोहरीची पिवळी शेतं, इकडं कोणी पाहिली होती? लग्न झाल्यावर बायकोला तुरीच्या फुलातच उभं करून फोटो काढला. माझी जागा म्हणाल तर शेवटी अमरीश पुरी पोरीचा हात सोडते ती. आता पोरगी लग्नाची झाली, तर ती जागा जरा जडच जाते.

शिक्षिका, अचलपूर
'मुघल-ए-आझम', १९६० चा. २००४ मध्ये पूर्ण रंगीत होऊन आला तेव्हा सासूबाईंना घेऊन गेले होते. शीशमहालाचं गाणं मुळातच रंगीत होतं, त्यामुळे तिथं मला नवल वाटलं नाही. नवल पिसाच्या प्रसंगाचं. मागं बडे गुलाम अली खाँसाहेबांचा आवाज आणि मधुबालाच्या चेहऱ्यावरून फिरणारं एक पीस, बस्स. चित्रीकरणाच्या वेळी दिलीपकुमार आणि ती एकमेकांशी बोलत नव्हते, असं दिलीपकुमारांनी स्वतःच पुढं आत्मचरित्रात लिहिलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "डोळे मिटून घे गं." आणि स्वतः पाहत राहिल्या.

नर्स, दिग्रस
'सैराट', २०१६. मी बारावीत होते, गावातून टेम्पो करून गेलो. झिंगाटवर पोट्टे खुर्च्यांवर नाचले. परत येताना टेम्पोत कोणी बोललं नाही, फक्त ड्रायव्हरनं एकदा 'उतरा' म्हटलं.

माझं लग्न जातीबाहेरचं आहे. घरी हा सिनेमा लागला की आम्ही पहिला भाग पळवतो. ट्रॅक्टर, विहीर, गाणी, ते सगळ्यांनाच आवडते. आम्ही हैदराबादची झोपडी पाहतो. वास, भांडण, परक्या भाषेत काम शिकणं. पळून गेल्यावर दुसऱ्या दिवशी काय खायचं, हे इतर प्रेमाचे सिनेमे सांगतच नाहीत. मात्र मूल झालं की नवरा रिमोट घेते आणि बंद करते. शेवट आम्ही एकदाच पाहिला.

नाट्यकलावंत, झाडीपट्टी (पूर्व विदर्भ)
आर्णीवाले भाऊ, तुमच्या बाबांची पाठ समजली. आता मागं बसणारीचं ऐका. धान निघालं की आमचा हंगाम. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. हिरामण 'नौटंकीवालीला पुन्हा बंडीत बसवणार नाही' अशी कसम खाऊन घरी जातो. हिराबाईचा पुढच्या गावचा खेळ लागलेलाच असतो, तिनं कसम कधी खायची?

मी नवी होते तेव्हा एका गावी फाट्यावरून आम्हाला न्यायला बंडी यायची. तीन वर्षं एकच पोरगा होता. थंडी म्हणून बंडीत तणीस, म्हणजे धानाचं वाळलं गवत, जाड अंथरून आणायचा, वर घोंगडी. नाव विचारलं नाही त्यानं, मीही नाही. चौथ्या वर्षी हाकणारा दुसराच होता. मी काही विचारलं नाही. तणीस मात्र तेवढीच जाड होती.