एकाच कुकरमध्ये बाळाचा आणि मोठ्यांचा भात

प्रश्न असा आहे की बाळाचा आसट भात, मोठ्यांचा मोकळा भात आणि वरण एकदम कसं लावायचं. तीन डबे पुरतात, फरक फक्त पाण्याचा. तळाच्या डब्यात अर्धी वाटी तूरडाळ, अर्धा तास भिजवलेली, तिला दीड वाटी पाणी, हळद, हिंग, चार थेंब तेल. मधल्यात दोन चमचे तांदूळ, एक चमचा मूगडाळ आणि पाऊण वाटी पाणी. वरच्यात मोठ्यांचा तांदूळ, दुप्पट पाणी घालून. तीन शिट्ट्या, मग मंद आचेवर दहा मिनिटं.

डाळ कडक राहते ती बहुधा जुनी असते, नाहीतर टोमॅटो किंवा आमसूल आधीच पडलेलं असतं. आंबट नेहमी शिजल्यावर, फोडणीत. आणि घाईत शिटी उचलून वाफ काढू नका, डाळ उतू जाऊन डब्याबाहेर येते.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर त्याच्या डब्यात मीठ नको, फक्त साजूक तूप. नऊ-दहा महिन्यांनंतर मिक्सरही नको, कृपया! चमच्याच्या पाठीने घोटा. बारीक शितं राहिली की चावायची सवय लागते.