वर्गणीतला चौथा हिस्सा अभ्यासिकेला द्यावा का?

चाळकरी
सार्वजनिक मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतला चौथा हिस्सा बाजूला काढून वर्षभर अभ्यासिका चालवावी, असं माझं ठाम मत आहे. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाक, पाहुणे सगळं एकत्र. तिथे एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलीला घर झोपल्यावरच पुस्तक उघडता येतं. आणि मंडळाचा गाळा? उत्सव संपला की ढोल आणि मांडवाचं सामान ठेवून कुलूप.

२०२० साली लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान शिबिरं घेतली. म्हणजे उत्सवाची ताकद अशा कामाला लावता येते.

खर्चही झेपणारा आहे. ३० जणांच्या गाळ्याला सहा पंखे लागतात. जुने ७५ वॉटचे रोज १६ तास फिरले, तर महिन्याला २१६ युनिट. ३० वॉटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे बसवले, तर साधारण ८६. वर २० वॉटच्या दहा एलईडी ट्यूब दहा तास, म्हणजे आणखी ६० युनिट.

पावतीपुस्तक
तळमळ पटते, मार्ग पटत नाही. पावतीवर 'गणेशोत्सव' छापलेलं असतं आणि माणूस त्या नावावर पैसे देतो. धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी काढणाऱ्या मंडळाने अर्जात जो हेतू लिहिला, त्यासाठीच पैसे गोळा करायचे आणि त्याचाच हिशेब द्यायचा. चौथा हिस्सा कार्यकारिणीने परस्पर वळवणं हा देणाऱ्यावर अन्याय आहे, काम कितीही चांगलं असो.

दुसरं, वर्गणी वर्षातून एकदाच येते आणि विजेचं बिल दर महिन्याला. गणपतीत जमलेले पैसे शिमग्यापर्यंत पुरत नाहीत. त्यातून गाळ्याचं मीटर व्यावसायिक दराचं असेल, तर घरगुती दर धरून केलेला कोणताही हिशेब कोसळतो. नुसते युनिट मोजून भागत नाही, बिलावरचा दर आधी बघा.

दोन_रंग
यावर साधा उपाय आहे. पावतीपुस्तकं दोन छापा, उत्सवाचं पिवळं आणि अभ्यासिकेचं निळं. छापील अनुक्रमांक, स्थळप्रत पुस्तकातच राहणारी. कोणतं पुस्तक कोणाला दिलं, कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत, हे वहीत सहीनिशी. पुस्तक परत येताना स्थळप्रतींची बेरीज आणि जमा रक्कम तिथल्या तिथे ताडून बघायची. रद्द पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रती 'रद्द' लिहून पुस्तकालाच टाचायच्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो क्यूआर कोडवर. कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्याचा कोड दारोदार फिरतो. त्याची नियत साफ असली तरी मंडळाचे पैसे त्याच्या घरखर्चात मिसळतात आणि वर्षअखेरीस ते सुटे करता येत नाहीत. कोड संस्थेच्या खात्याचाच हवा, आणि अभ्यासिकेचं खातं निराळं.

हिशेबनीस
मी तर म्हणेन, निळं पुस्तक मंडळाचं नकोच, स्वतंत्र नोंदणीकृत न्यासाचं (ट्रस्टचं) असू द्या. देणगीदाराला करात वजावट मिळवून देणाऱ्या, ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार संस्थेच्या उत्पन्नापैकी फार तर ५ टक्के धार्मिक कामावर खर्च करता येतात. उत्सव आणि अभ्यासिका एकाच न्यासात घातल्या की ही मर्यादा ओलांडली जाते आणि सवलत हातची जाते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. ज्याने नवी करप्रणाली घेतली त्याला तर ही वजावट मिळतच नाही, त्यामुळे 'कर वाचेल' असं सरसकट सांगत फिरू नका.

परदेशातल्या गाववाल्यांकडे हात पसरण्याआधीही पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकत्व असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकन नागरिक झालेल्याने पाठवली, मग त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगीच. एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या परवानगीशिवाय एक डॉलरही घेता येत नाही.

मुष्टिफंड
वर्गणीचा हिस्सा हवाच कशाला? कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड उभा केला. दळणाआधी घरच्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचं. वर्षाची मोठी देणगी झेपली नसती अशा घरांनीही मूठ दिली, आणि ती येत राहिली म्हणून मुलं जेवली. अभ्यासिकेलाही दरमहा ५० रुपये देणारी १५० घरं शोधा. महिन्याला ७,५०० होतात आणि कोणाच्या मर्जीवर राहावं लागत नाही.

आणखी एक. वाढदिवसाला खुर्च्या द्यायला लोक तयार असतात, कारण त्यावर नाव लिहिता येतं. फिनेल, झाडू, पाण्याचा जार यांना देणगीदार मिळत नाही. अभ्यासिका अडते ती तिथेच.

खिडकीजवळ
शौचालय नसेल तर मुली येणार नाहीत, हे खर्चाच्या यादीत पहिलं लिहा. आणि किल्ली एकाच कार्यकर्त्याकडे नको. त्याला नोकरी लागली की अभ्यासिकेला कुलूप. वाचणाऱ्यांपैकीच चौघांकडे आठवड्याच्या पाळीने किल्ली द्या, भिंतीवर तक्ता लावा.

चाळकरी
वेगळं पुस्तक, वेगळा न्यास मान्य. परस्पर पैसे वळवायचं मी मागे घेतो. पण मासिक देणगीवर सगळा भार टाकायला मी तयार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून गळती लागते आणि दारोदार आठवण करायला माणूस मिळत नाही. वर्गणीला जाणारी पोरं मात्र दर घरी जातातच. त्याच फेरीत दोन्ही पुस्तकं पुढे करावीत.

पावतीपुस्तक
एकाच फेरीत, एकाच पोराच्या हातात दोन पुस्तकं? मग निळं पुस्तक पिवळ्याच्या दडपणाखाली फाडलं जाणार. गणपतीच्या वर्गणीला 'नाही' म्हणणं चाळीत अवघड असतं, ती सक्ती अभ्यासिकेला चिकटू देऊ नका. निळ्याची फेरी जूनमध्ये काढा, शाळा उघडताना, आणि सोबत मागच्या वर्षीची वीजबिलं दाखवायला न्या.