सासूबाईंच्या डिमेन्शियातल्या चिडचिडीबद्दल फॅमिली डॉक्टरांशी कसं बोलायचं?

वाईची_सून

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या, आम्ही त्यांना आईच म्हणतो. पाचगणीच्या शाळेत ३० वर्षं शिक्षिका होत्या, रोज वाईहून एसटीने जाऊन-येऊन. अडीच वर्षांपूर्वी पुण्यातल्या न्यूरोलॉजिस्टनी अल्झायमर सांगितला. विसरण्याचं आम्ही निभावून नेतो हो, पण दिवाळीपासून संध्याकाळी साडेपाच वाजले की त्या दोन साड्या नि टॉवेलचं गाठोडं बांधतात, चपला घालतात आणि दाराची कडी काढायला लागतात, "मला घरी जायचंय, उशीर झालाय". अहो आई, हेच आपलं घर, असं म्हटलं की भडकतात, एकदा हात पण उगारला. आणि पाटल्या मी चोरल्या असं शेजारी जाऊन सांगतात, ते फार लागतं मनाला.

आमचे फॅमिली डॉक्टर २५ वर्षांपासूनचे, माझ्या दोन्ही मुलांची दुखणी त्यांनीच काढली, रात्री अकराला फोन केला तरी उचलतात. त्यांनी रात्री क्लोनाझेपाम ही झोपेची गोळी आणि दिवसातनं दोनदा हॅलोपेरिडॉल या शांत करायच्या औषधाचे थेंब लिहून दिले, त्याला दोन महिने झाले. आता आई दिवसभर पेंगतात, पाय फरफटत चालतात, हात ताठ झालेत, आणि साडेपाचचं गाठोडं काही सुटलेलं नाही. मागच्या मंगळवारी न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या, कपाळाला ३ टाके. डॉक्टर म्हणाले या वयात असं व्हायचंच, थेंब थोडे वाढवू. माणूस चांगला आहे, पण हे चुकतंय असं मला वाटतंय. पुण्याला सारखं नेणं जमत नाही, गाडीत त्या घाबरतात. डॉक्टरांना न दुखावता कसं सांगू?

डोंबिवलीची_लेक

ताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, माझ्या बाबांचं सात वर्षं केलंय मी. एक विचारू? आई पाचगणीहून परत यायला निघायच्या ती एसटी किती वाजताची होती? साडेपाचच्या आसपासची असेल तर त्या शाळा सुटल्यावर घरी निघतायत हो, घरात लहान मुलं वाट बघतायत त्यांच्या. तिथे "हेच घर आहे" म्हटलं की त्यांना वाटतं ही बाई मला अडवतेय. माझे बाबा गिरणीत होते, पहाटे चारला उठून डबा मागायचे. मी वर्षभर भांडले आणि मग एक दिवस नुसता डबा भरून हातात दिला, दोघं गॅलरीत बसलो, अर्ध्या तासात परत झोपले. वाद घालू नका, एवढंच मी अनुभवाने सांगेन. पाटल्यांचं पण तसंच, "मी नाही घेतल्या" म्हणण्यापेक्षा "चला आपण दोघी शोधू" म्हणा. मनाला लागणारच, पण ते आजार बोलतोय.

जनरल_प्रॅक्टिस_२६_वर्षं

मी स्वतः फॅमिली डॉक्टर आहे, सांगली जिल्ह्यात. तुमच्या डॉक्टरांच्या जागी दहा वर्षांपूर्वी मीच होतो म्हणून मोकळेपणाने लिहितो. आम्हाला कॉलेजात डिमेन्शियाची कारणं शिकवली, स्मरणशक्तीची चाचणी शिकवली, पण पेशंट रात्रभर ओरडतोय आणि मुलगा समोर रडतोय तेव्हा काय करायचं हे कोणी शिकवलं नाही. ओपीडीत बाहेर ५० माणसं बसलेली, हातात पॅड, मग गोळी लिहिली जाते. २०२३ च्या अभ्यासानुसार देशात साठीच्या पुढच्या अंदाजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, एवढ्यांना न्यूरोलॉजिस्ट कुठून पुरणार, हे काम आम्हालाच शिकून घ्यावं लागणार आहे.

मला शिकवलं एका आजोबांनी. अंघोळ घालताना सुनेला मारायचे, मीही झोपेचं औषध दिलं होतं. एकदा व्हिजिटला गेलो तेव्हा बघितलं की पाटावर बसवताना गुडघा वाकवला की ते ओरडतात आणि लगेच हात उगारतात. दुखत होतं, सांगता येत नव्हतं. नियमित पॅरासिटामॉल आणि पाटाऐवजी प्लॅस्टिकची खुर्ची, मारणं थांबलं. नॉर्वेत २०११ साली ३५२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं, दुखण्यावर नीट उपचार केले तर चिडचिड कमी होते. मी ते नंतर वाचलं, आजोबा आधी भेटले.

आता तुमचं. ताठरपणा आणि पाय फरफटणं हे हॅलोपेरिडॉलचं असू शकतं, त्यामुळे थेंब वाढवणं तर सोडाच, उद्याच डॉक्टरांना हे दाखवा आणि पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टना फोन लावून द्या, दोघं डॉक्टर आपसात बोलले की मान राहतो सगळ्यांचा. आईंना माणसं, लहान मुलं, प्राणी असं काही दिसत असेल तर ते जरूर सांगा, डिमेन्शियाचा ल्युई बॉडी नावाचा प्रकार असेल तर हॅलोपेरिडॉल धोक्याचं आहे. क्लोनाझेपाम मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ते हळूहळू उतरवतात. डिमेन्शियाच्या वयस्कर पेशंटमध्ये हॅलोपेरिडॉलच्या गटातल्या (अँटीसायकोटिक) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा एफडीए या अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २००५ मध्ये नव्या औषधांवर आणि २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांवर टाकला. साधारण १० आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांत ४.५ टक्के दगावले, न घेणाऱ्यांत २.६. कधीच द्यायचं नाही असं नाही, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तर लहान डोस, थोडे आठवडे, आणि बंद कधी करायचं ती तारीख आधीच ठरवून.

डॉक्टरांकडे गूगलचे प्रिंटआउट नेऊ नका, त्याने आम्ही चिडतो, खरं सांगतो. एक फुलस्केप कागद न्या. सात दिवसांचा. किती वाजता सुरू झालं, त्याआधी काय चाललं होतं, कोण जवळ होतं, कशाने शांत झाल्या, संडासला कधी झाली, किती झोपल्या. आणि सगळी औषधं पिशवीत घालून न्या, सर्दीची गोळी आणि लघवी रोखून धरायची गोळी धरून, या दोन्हींनी डोक्यातला गोंधळ वाढतो. मग त्यांनाच विचारा, "डॉक्टर, लघवीचं इन्फेक्शन, पोट साफ नसणं, दुखणं, ऐकू न येणं, यातलं काही असेल का?" सल्ला दिलात तर दुखावतील, प्रश्न विचारलात तर त्यांच्यातला डॉक्टर जागा होतो.

मडगावकर

डॉक्टरसाहेबांशी सहमत, पण सगळं डॉक्टरवर टाकून चालणार नाही. आमच्या गोव्यात दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर एक अभ्यास झाला होता, २००८ साली छापून आला. गावातल्याच, थोडं ट्रेनिंग घेतलेल्या माणसांनी घरी जाऊन घरच्यांना आजार समजावला, वागणं कसं हाताळायचं ते दाखवलं, गरज लागली तर सायकिअॅट्रिस्ट मागे होते. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण त्याने खरंच कमी झाला. ताई, तुमचं स्वतःचं कोण बघतंय? आठवड्यातली एक संध्याकाळ तरी नवऱ्याने किंवा नणंदेने घ्यावी. फारच असह्य झालं तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे.

वाईची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहितेय. एसटी पाच पंचवीसची होती, ह्यांना विचारलं तर हे बघतच राहिले. कागद केला. त्यात दिसलं की संडासला पाच-पाच दिवस होत नव्हती आणि त्या दिवशी संध्याकाळ सगळ्यात वाईट. रविवारी ओपीडी रिकामी असताना गेले, प्रश्नच विचारले. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, आईंचा हात कोपरातून वाकवून बघितला, काही बोलले नाहीत, पुण्याला फोन लावला. थेंब बंद, क्लोनाझेपाम अर्धी, पोटाचं औषध सुरू, लघवीची तपासणी नॉर्मल आली. निघताना म्हणाले हा कागद माझ्याकडे राहू दे, अजून दोन घरांत असंच चाललंय.

गाठोडं अजून बांधतात. काल मी "चला, स्टँडवर सोडते" म्हणून घाटापर्यंत नेऊन आणलं, येताना माझा हात धरून होत्या. एक विचारायचं राहिलं, थेंब बंद केल्यावर हाताचा ताठरपणा जायला किती दिवस लागतात?

जनरल_प्रॅक्टिस_२६_वर्षं

काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. महिन्याभरात काहीच फरक नाही पडला तर न्यूरोलॉजिस्टना परत कळवा. आणि तोवर न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्या.