मधली दोन वर्षं

वर एकाने लिहिलंय, की 26 जानेवारी 1950 ला घटना लागू झाली आणि लोकांनी निवडलेलं सरकार आलं. थोडं थांबा. घटना समितीतले प्रांतांचे सदस्य 1946 साली प्रांतिक आमदारांनी निवडले होते, आणि त्या आमदारांना मत देणारे कोण, तर कर भरणारे, जमीनवाले, शिकलेले. घटना लागू झाल्यावर तीच समिती हंगामी संसद म्हणून बसली. सगळ्या प्रौढांचं मतदान झालं 1951-52 ला.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडची आमची आज्जी ते मतदान सांगायची. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, त्यावर चिन्ह. शिक्का नाही की काही नाही, चिठ्ठी फक्त आत सोडायची. तिने चुकून दुसऱ्याच पेटीत सोडली म्हणे!

ते मत मुंबई विधानसभेसाठी होतं. 1957 ला त्याच घरातून म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक, विधानसभेसाठी. मधे काय घडलं? राज्यांच्या हद्दी बदलल्या, घटनेच्या कलम 3 खाली. राज्याच्या हद्दी संसद साध्या बहुमताने बदलू शकते, विधानसभेचं मत फक्त विचारायचं, मानायलाच हवं असं नाही. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणारे आपल्यातले निम्मे हे कलम वाचतच नाहीत.