मदत हवी आहे : मोडलेला वीरगळ काळ्या मातीत पुन्हा उभा करायचाय

परभणी जिल्ह्यात आमच्या गावच्या वेशीजवळ बेसॉल्टचा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड) आहे. उंची साधारण पाच फूट. खाली लढाई आणि पडलेला वीर, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. लढाईच्या चौकटीखाली आडवा मोडलाय, पण कडा नीट जुळतात. संरक्षित यादीत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव झालाय, पुरातत्त्व खात्याला पत्रही दिलंय.

दगडावर फासलेला ऑइल पेंट निघतोय : कॉस्टिक नसलेला रिमूव्हर, वर ओल्या कागदाचा लगदा, मग नायलॉनचा ब्रश. आधी पाठीमागच्या कोपऱ्यावर करून बघितलं. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, सँडब्लास्टिंग कृपया सुचवू नका. तारेचे कण दगडात अडकून गंजतात आणि घोड्याच्या लगामासारखं बारीक काम कायमचं जातं.

खरी अडचण पायाची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यातच सिमेंटचा ओटा फुटला, दगड कलला आणि मोडला. मुरूम चार फुटांवर लागतो. तिथपर्यंत खोदून मुरूम थराथराने ठोकायचा, वर चुन्याचा पाया घ्यायचा, असा बेत आहे. तुकड्यांना 12 मिमीच्या दोन स्टेनलेस सळया, इपॉक्सी गोंद फक्त भोकांत.

पुनर्स्थापना 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामदिनी ठरलीय, म्हणजे पायाचं काम ऐन पावसाळ्यात. नुसता चुना ओलीत धरत नाही, म्हणून सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) घालणार. सिमेंट गावालाही नकोय.

ज्यांनी काळ्या मातीत असं काम केलंय त्यांनी सांगावं : चुना, सुरखी, वाळूचं प्रमाण काय ठेवलंत, दगडाचा भार देण्याआधी पाया किती दिवस झाकून ठेवलात, आणि खड्ड्यात मुरणारं पाणी बाहेर कसं काढलंत?